अक्षरशंका : बोरूचा उलटा काप आणि लिनोतली उलटी वेलांटी

या वेळी सगळ्यात लांबलचक पत्र कोल्हापूरच्या एका विद्यार्थिनीचं आहे. उपयोजित कलेच्या तिसऱ्या वर्षासाठी तिने ‘हिरवी मिरची’ हे दोनच शब्द घेतलेत. तेच शब्द बोरूने (वेळूसारख्या नळीच्या लेखणीने) लिहायचे, लिनोवर (लिनोलियमच्या मऊ तक्त्यावर) कोरून छापायचे, स्टेन्सिलने भिंतीवर उमटवायचे आणि शेवटी त्यांचा फॉन्ट करायचा असा प्रकल्प आहे. शब्द छान निवडलेत: चार वेलांट्या, दोन ऱ्हस्व आणि दोन दीर्घ, वर दोन र. तिचे प्रश्न आम्ही तोडून घेतले आहेत. मधे इतर वाचकांनाही जागा दिली आहे.

बाजारातून बोरू आणला आणि टोक इंग्रजी कॅलिग्राफीच्या निबसारखं कापलं. जाड-बारीक रेघा येतात, पण अक्षर मराठी वाटत नाही. काय चुकतंय?
(विद्यार्थिनी, कोल्हापूर)

कापाची दिशा चुकली आहे. कागदावर एक फुली काढा. वरून उजवीकडून खाली डावीकडे येणारी रेघ जाड आणि तिला छेदणारी दुसरी बारीक आली पाहिजे. तुमच्या फुलीत नेमकं उलटं होत असणार, कारण रोमन अक्षरांची लेखणी तशीच चालते. देवनागरीच्या ‘व’चा पोटगोल पाहा. तो वर डावीकडे आणि खाली उजवीकडे भरलेला असतो, तर वर उजवीकडे आणि खाली डावीकडे निमुळता. रोमन ‘ओ’मध्ये हीच जाडी आरशात पाहावी तशी पालटते. ती जाडी ‘व’ला दिली की आकार बरोबर असूनही अक्षर परकं दिसतं.

नवा काप असा घ्या. साधारण १८ ते २० सेंटिमीटर लांबीचा, पूर्ण वाळलेला बोरू हवा. ओलसर असेल तर धार दोन ओळींतच फिसकटते. एका टोकाला अडीच-तीन सेंटिमीटरचा लांब उतरता काप द्या, आतला मऊ गाभा खरवडून काढा, मग दोन्ही बाजू तासून हवी तेवढी रुंदी ठेवा. शिकताना ४ मिलिमीटर पुरे. टोकापासून आत सेंटिमीटरभर चीर द्या. दीड सेंटिमीटरपेक्षा लांब चीर गेली तर दाबासरशी दोन्ही पाती फाकतात आणि रेघेच्या मधोमध पांढरा पट्टा राहतो. शेवटी टोक काचेवर किंवा कडक प्लॅस्टिकवर टेकवून ब्लेडच्या एकाच दाबाने तिरका काप घ्या. ब्लेड करवतीसारखं पुढेमागे केलं की धार दातेरी होते. बोरू लिहिताना धरतो तसा धरून वरून पाहिलं, तर टोकाचा डावा कोपरा लांब आणि उजवा आखूड दिसला पाहिजे. तिरकेपणा ४० ते ४५ अंश. लिहिताना कागदाचा माथा थोडा डावीकडे कलता ठेवा, म्हणजे मनगट पिळावं लागत नाही. (डावखुऱ्यांना इथे आयता फायदा आहे. लेखणी डावीकडून येत असल्यामुळे सरळ कापलेलं टोकही त्यांच्या हातात देवनागरीच्या कोनाजवळ बसतं.)

कोन ४५ अंशांचा असेल तर शिरोरेषा आणि दंड सारख्याच जाडीचे येतात: टोकाच्या रुंदीच्या सुमारे ७० टक्के. म्हणजे ४ मिलिमीटरच्या टोकाने दोन्ही २.८ मिलिमीटरच्या आसपास. पट्टी लावून मोजा. शिरोरेषा दंडापेक्षा जाड भरली तर कोन जास्त उभा झालाय, बारीक भरली तर आडवा झालाय. नुसत्या डोळ्यांनी हे लवकर कळत नाही.

ओळी आखताना शिरोरेषेपासून पायारेषेपर्यंत टोकाच्या रुंदीच्या ५ पट उंची धरा, वर वेलांटी-मात्रांसाठी अडीचपट, खाली उकारांसाठी अडीचपट. ४ मिलिमीटरच्या टोकाला हे २०, १० आणि १० असं होतं, म्हणजे एका ओळीला ४० मिलिमीटर. तुमच्या शब्दांत उकार नाहीत म्हणून खालची जागा कापू नका. ‘र’चा पाय मोकळा सोडायचा झाला तर ती लागतेच.

शिरोरेषा शब्द पूर्ण झाल्यावर द्या. आधी रेघ ओढून अक्षरं लटकवली की प्रत्येक दंड रेघेच्या ओल्या शाईत शिरतो आणि सांध्यावर काळे ठिपके येतात.

हातकागदावर लिहिलं की शाई मुळांसारखी पसरते. शाई बदलू की कागद?
(तीच विद्यार्थिनी)

कागद. सगळे हातकागद खळ दिलेले नसतात. पाण्याचा थेंब टाकून पाहा. तो काही सेकंदांत शोषला गेला तर कागद टिपकागदासारखा वागणार, मग शाई कुठलीही घ्या. असा कागद परत करण्याची गरज नाही. एक लिटर कोमट पाण्यात २० ग्रॅम जिलेटिन विरघळवून रुंद ब्रशने दोन्ही बाजूंना हात द्या, दोरीवर वाळवा आणि काचेच्या पेपरवेटने किंवा गुळगुळीत कवडीने घोटा. जुन्या पोथ्यांचा घोटीव कागद याच तत्त्वावर तयार व्हायचा. घोटल्यामुळे वर आलेले तंतू दबतात आणि बोरूचं टोक अडकत नाही.

शाई फारच पातळ असेल तर तिच्यात डिंकाच्या पाण्याचे थोडे थेंब घाला. जास्त झालं तर वाळलेली रेघ चमकते आणि कागद वाकवला की तडकते. फाउंटन पेनची शाई या कामाला नको. ती मुद्दाम वाहती केलेली असते, बोरूत ठरत नाही.

संगणकावरचा फॉन्ट मोठा छापून ट्रेसिंगने लिनोवर उतरवला. ठसा नीटनेटका आला, पण सर म्हणतात निर्जीव आहे. शिवाय एका ठशात ‘हीरवि मीरचि’ छापून आलं!
(तीच विद्यार्थिनी)

आधी वेलांटीचं. लिनोवर मजकूर उलटा असतो. त्यामुळे ‘मि’ची वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन ‘मी’सारखी दिसते आणि ‘ची’ची डावीकडे येऊन ‘चि’सारखी. कोरताना डोळा वाचू लागतो, हात ‘चूक’ दुरुस्त करतो आणि छापल्यावर खरी चूक उमटते. यावर उपाय म्हणजे ट्रेसिंग पेपर पालथा घालून उतरवल्यानंतर लिनोवर काहीही सुधारायचं नाही. शंका आली तर लिनो आरशासमोर धरा. उतरवलेल्या रेषांवर कोरण्याआधी मार्कर फिरवून घ्या, कारण ग्रॅफाइटच्या रेषा तळहाताने पुसल्या जातात आणि मग अंदाजाने कोरताना हाच घोळ होतो.

आता निर्जीवपणाचं. सरांशी आम्ही सहमत आहोत. तुम्ही वापरलेला ‘मुक्त’ हा फॉन्ट खुल्या परवान्याचा आहे, त्यामुळे कायद्याची अडचण नाही. अडचण अक्षराची आहे. त्याच्या वळणांचे गुळगुळीत सांधे पडद्यासाठी आणि छोट्या टायपासाठी काढलेले आहेत. लिनोचं हत्यार सरळ रेघेत मजेत धावतं आणि लहान गोलाईत अडखळतं. फॉन्टची गोलाई जशीच्या तशी कोरायची म्हणजे हत्याराला प्रत्येक मिलिमीटरला आवरायचं. त्यातून जो ठसा येतो तो छापील अक्षराची थोडी खडबडीत नक्कल असतो. त्यापेक्षा बोरूने लिहिलेला तुमचाच नमुना घ्या आणि लिनोसाठी पुन्हा काढा. ‘च’चं पोट तीन-चार सरळ छेदांत बसवा, ‘र’चा पाय एका झटक्यात जाईल असा पाचरीसारखा करा, वेलांटीला कोपरा आला तर येऊ द्या. साधन बदललं की आकार पुन्हा काढायचा, एवढं या प्रकल्पात पाळलंत तरी चार पानं चार वेगळी दिसतील.

कामाची मापं अशी. ३.२ मिलिमीटर जाडीचा लिनो घ्या. थंडीत तो कडक होतो आणि हत्यार घसरतं. दहा मिनिटं उन्हात ठेवा किंवा वर कापड टाकून कोमट इस्त्री फिरवा. अक्षराची उंची ३० मिलिमीटरच्या खाली नको. उरणारी सर्वांत बारीक रेघ दीड मिलिमीटर, आतली पोकळी २ मिलिमीटर. याहून अरुंद पोकळी शाईने बुजते, आणि ‘म’च्या डाव्या टोकाची गाठ पहिल्यांदा जाते. बाहेरची रेषा ‘व्ही’ आकाराच्या हत्याराने, मोकळी जागा ‘यू’ने. काप नेहमी अक्षरापासून बाहेर उतरता असावा. हत्यार उलटं कलून अक्षराच्या पोटाखाली शिरलं तर बारीक रेघेचा पाया जातो आणि रुळाच्या दाबाखाली ती तुटते. तुटलेले तुकडे बहुतेक वेळा वेलांटीच्या टोकाचेच असतात. दुसरा हात कायम हत्याराच्या मागे ठेवा.

तेलाची शाई काचेवर पातळ पसरा. रुळाखाली बारीक सळसळ ऐकू आली तर प्रमाण ठीक, चपचप वाजलं तर जास्त. जास्त शाईवर दाब वाढवून भागत नाही, उलट कडांना दुहेरी रेघ येते. हाताने घासून छापायचं तर ८० ते १२० जीएसएमचा कागद आणि स्टीलचा चमचा पुरतो. त्याहून जाड कागदाला प्रेस लागते.

एक सुचवणी: अक्षराभोवतीचा लिनो काढण्याऐवजी अक्षरच कोरून काढा आणि हिरव्या शाईने छापा. पांढरी अक्षरं हिरव्या चौकटीत येतील, कोरण्याचं काम निम्म्यावर येईल आणि हत्याराची प्रत्येक रेघ थेट अक्षरात दिसेल.

स्टेन्सिल कापली की पोकळ्या गळून पडतात. शिरोरेषा कापल्यावर सगळा कागदच लोंबतो.
(तीच विद्यार्थिनी)

‘हिरवी मिरची’त सुटी पडणारी बेटं मोजा. वेलांट्या शिरोरेषेला टेकवल्या तर त्यांच्या कमानींखाली चार, ‘व’च्या पोटात एक, ‘म’च्या चौकटीत एक, ‘च’च्या पोटात एक. एकूण सात, गाठी वेगळ्याच. प्रत्येक बेटाला निदान एक जोड हवा, मोठ्याला दोन. १० सेंटिमीटर उंचीच्या अक्षराला ३ ते ४ मिलिमीटर रुंदीचा जोड टिकतो. तो वाटेल तिथे टाकू नका. बोरू जिथे निमुळता होतो, म्हणजे गोलाच्या वर उजवीकडे आणि खाली डावीकडे, तिथे तोडलं तर डोळ्याला तुटलेलं वाटत नाही. दंडाच्या मधोमध टाकलेला जोड मात्र लांबूनही खटकतो. वेलांट्यांची चार बेटं तर सहज वाचवता येतात: कमानीचं टोक शिरोरेषेच्या ३ मिलिमीटर वर थांबवा, बेट उरतच नाही.

शिरोरेषा सलग कापू नका. अख्ख्या शब्दाएवढी लांब खाच पडली की खालचा अख्खा भाग एखाद-दोन जोडांवर लटकतो, भिंतीपासून सुटतो आणि रंग आत शिरतो. प्रत्येक अक्षरामागे ती तोडा. रांगेत आलेले तुकडे डोळा आपोआप जोडून घेतो. (कागद कापून अक्षरंच चिकटवायची असती तर हीच शिरोरेषा उपयोगी पडली असती, सगळा शब्द एका तुकड्यात उचलता आला असता.)

पुठ्ठ्याऐवजी जुनी एक्स-रे फिल्म वापरा, ती रंगाने फुगत नाही. रंग कडेखाली झिरपतो तो जवळजवळ नेहमी ओल्या ब्रशमुळे. स्पंज रंगात बुडवून आधी वर्तमानपत्रावर जवळपास कोरडा करा आणि उभा थोपटा, ओढू नका. स्प्रे २० ते २५ सेंटिमीटर अंतरावरून, दोन पातळ हातांत.

बोधचिन्हात शिरोरेषा काढून टाकली तर ‘आधुनिक’ दिसतं असं ग्राहक म्हणतो. करावं का?
(ग्राफिक डिझायनर, नाशिक)

नाव कोणतं आहे त्यावर आहे. ‘ध’ आणि ‘घ’, ‘भ’ आणि ‘म’ या जोड्यांतला फरक बराचसा शिरोरेषेवर उभा आहे. ‘ध’ आणि ‘भ’ यांच्या माथ्यावर ती तुटते, ‘घ’ आणि ‘म’ यांच्यावर सलग जाते. ती काढलीत तर ‘धन’चा ‘घन’ आणि ‘भरणे’चं ‘मरणे’ वाचलं जाऊ शकतं, आणि पतसंस्थेच्या पाटीवर दुसरी चूक परवडणारी नाही. अशा वेळी ‘ध’ आणि ‘भ’ यांच्या सुरुवातीची गाठ ठळक आणि मोठी काढावी लागते. ‘ख’कडेही लक्ष द्या. शिरोरेषेशिवाय तो ‘रव’ होतो, म्हणून खालचा जोड घट्ट ठेवा. नावात यांपैकी काही नसेल तर खुशाल काढा, पण अक्षरांमधलं अंतर तुमच्या नेहमीच्या सवयीपेक्षा कमी ठेवा. शब्द बांधून ठेवणारी रेघ गेली की अंतरानेच ते काम करायचं असतं. मधला मार्गही आहे: शिरोरेषा पूर्ण न काढता ‘घ’ आणि ‘म’ यांच्यावर आखूड तुकडे ठेवायचे. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी केलेली शीर्षकं मिळाली तर शेजारी ठेवून पाहा. शिरोरेषेला वाकवणं, तोडणं, वर-खाली करणं यात किती वाव आहे ते कळेल.

आमच्या मंडळाच्या स्मरणिकेत ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे येतात. टंकलेखन मराठीतच केलं आहे.
(वाचक, इंदूर)

टंकलेखनाचा दोष नाही. संगणकाच्या लेखी ‘ल’ एकच आहे, रूप फॉन्ट ठरवतो. पूर्वी मुंबई वळण आणि कलकत्ता वळण असे दोन पंथ होते आणि ‘अ’, ‘झ’, ‘ण’ ही अक्षरंही त्यांत वेगळी होती. १८६९ साली सुरू झालेल्या जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने मुंबई वळणाचे खिळे (छपाईची सुटी अक्षरं) घरोघर पोचवले. पुढे ‘अ’, ‘झ’, ‘ण’ यांची मुंबईची रूपं हिंदीतही रुळली. ‘ल’ आणि ‘श’ मात्र वेगळेच राहिले. महाराष्ट्र शासनाच्या २००९च्या निर्णयात मराठीसाठी पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ धरला आहे.

उपाय दोन. पानं लावण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर निवडून त्याची भाषा हिंदीऐवजी मराठी करा. ‘नोटो सान्स देवनागरी’सारख्या फॉन्टात तेवढ्याने रूप बदलतं. नाही बदललं तर ‘टिरो देवनागरी मराठी’सारखा मराठीसाठीच केलेला फॉन्ट घ्या. बदल केल्यावर मुद्रितं पुन्हा वाचा, कारण अक्षरांची रुंदी बदलल्याने ओळी सरकतात.

बंद छापखान्यातून लाकडी खिळ्यांचा एक खोका मिळाला. धुऊन वापरता येतील?
(वाचक, सांगली)

पाण्यात अजिबात बुडवू नका, लाकूड फुगतं आणि परत मापात येत नाही. रॉकेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने वाळलेली शाई मऊ करून पुसा, गाठींतली टूथब्रशने काढा. मग सपाट काचेवर उभे करून पाहा. खिळ्याची प्रमाण उंची २३.३ मिलिमीटर असते. जे बुटके झालेत त्यांच्या बुडाला कागदाचे पापुद्रे चिकटवून उंची भरून काढा, जे वाकलेत ते एकेकटे छापायला ठेवा. खोक्यात शिशाचे खिळे मिसळले असतील तर हाताळून झाल्यावर हात साबणाने धुतल्याशिवाय खाऊ नका.

शेवटचा टप्पा: या अक्षरांचा फॉन्ट. सत्र संपायला दोन महिने आहेत.
(विद्यार्थिनी, कोल्हापूर)

पूर्ण देवनागरी फॉन्ट या मुदतीत होणार नाही आणि तसा हट्टही धरू नका. अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, वेलांट्यांचे आखूड-लांब प्रकार धरले की आकारांची संख्या पाचशेच्या वर सहज जाते. तुमच्या शब्दांना हवीत ह, र, व, म, च ही अक्षरं आणि दोन वेलांट्या. त्यांत क, प, न, त, ल, स, ळ आणि काना घाला. एवढ्यात बाजारातल्या पाट्यांपुरते शब्द बनतात आणि परीक्षकांना वळण कळतं.

बोरूचे नमुने ६०० डीपीआयला, ग्रेस्केलमध्ये स्कॅन करा. आपोआप ट्रेस करणारी आज्ञा वापरू नका. ती कागदाच्या प्रत्येक तंतूला बिंदू देते आणि एका ‘व’चे शंभर-दोनशे बिंदू होतात. स्कॅन मागे ठेवून हाताने बाह्यरेषा काढा. गोलाच्या सर्वांत वर, खाली, डावीकडे, उजवीकडे एकेक बिंदू आणि टोकांना कोपरे, बस. फुकटात ‘फॉन्टफोर्ज’ चालेल.

सगळ्यात जास्त त्रास शिरोरेषा देते. १००० एककांच्या चौकटीत तिची उंची आणि जाडी प्रत्येक अक्षरात एककाचाही फरक न ठेवता सारखी हवी, आणि ती अक्षराच्या रुंदीच्या बाहेर दोन्हीकडे १० ते २० एककं पुढे काढलेली हवी. बरोबर रुंदीवर थांबवली तर पडद्यावर दोन अक्षरांच्या मधे केसाएवढी फट दिसते. बोरूने लिहिलेल्या शिरोरेषेचा खडबडीतपणा ठेवायचा मोह होईल. ठेवायचा असेल तर तो मधल्या भागात, सांध्याजवळ नको.

ऱ्हस्व वेलांटी एकाच मापाची करून चालत नाही. ‘रि’साठी बेतलेली कमान ‘मि’वर आखूड पडते. अरुंद आणि रुंद अशी दोन मापं तरी काढा आणि कोणत्या अक्षराला कोणतं लागेल तो नियम फॉन्टात लिहा.

चाचणीसाठी नुसती बाराखडी छापू नका. ‘दऱ्या’, ‘कऱ्हाड’, ‘महाराष्ट्र’, ‘ज्ञान’, ‘ॲप’ हे शब्द आत्ताच समोर ठेवा. यातली बरीच अक्षरं तुमच्या यादीत नाहीत, पण पुढे फॉन्ट वाढवलात तर जागा लागेल. अर्ध्या ‘र’चं विशेष बघा. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांत एक गुरुजी आहेत आणि एक स्वयंपाकी. पहिल्यात रफार डोक्यावर, दुसऱ्यात अर्धचंद्रासारखी आडवी खूण ‘य’च्या आधी. ही खूण ऱ, हलन्त आणि पुढचं अक्षर या क्रमातून तयार होते. तिला डावीकडे ३० ते ४० एककं मोकळी ठेवा, नाहीतर लहान टायपात ती आधीच्या अक्षराच्या दंडाला चिकटते.